रकाना क्रमांक सात

पेन सुतळीनं टेबलाला बांधलंय.
"इथं येणारे पेनसुद्धा नेतात," सुलक्षणा मॅडम हसल्या.
मीही हसलो.
मी एकदा घरातली गॅसची टाकी नेली होती.

नाव लिहिलं. वय लिहिलं, दोन वर्षं कमी.
पत्ता: सिडको, पाण्याच्या टाकीमागं.
काय घेता, किती घेता, कधीपासून.
तिथं खोटं बोललो नाही,
निम्मंच बोललो.

मग रकाना सात.
उपचारासाठी कोणाच्या इच्छेने आलात?
कुटुंबाच्या. मालकाच्या. स्वतःच्या. इतर.
चार चौकोन, मुंगी मावेल एवढे.

पहिल्यांदा आलो ते वैजयंताच्या इच्छेनं.
आधी तिनं मला गडावर नेलं, पायऱ्यांनी,
देवीसमोर हात धरून शपथ घ्यायला लावली.
उतरताना मी मनात हिशेब करत होतो
वणीतलं दुकान किती वाजता बंद होतं याचा.
तरी राहिलो इथं एकवीस दिवस.
बाविसाव्या दिवशी घरी, सगळ्यांदेखत,
मेव्हण्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला.
वास नव्हता.
पण त्यानं नाक पुढं केलं
तेवढं मला पुरलं.

दुसऱ्यांदा उगले साहेबांनी धाडलं.
अंबडच्या टूलरूममध्ये वीस वर्षं मी ग्राइंडिंगवर,
जॉबवर नख फिरवलं की कळायचं
किती मायक्रॉन काढायचे राहिलेत.
"बरा होऊन ये, मशीन राखून ठेवतो."
बरा होऊन गेलो.
मशीनवर सटाण्याचा एक पोरगा, कानात गाणी.
कुणी झाडू दिला नाही हातात, खोटं कशाला बोलू.
खुर्ची दिली.
दिवसभर खुर्ची.
संध्याकाळी दगूनं बाकावर सरकून जागा केली.
बाकीचं गाव मला बघून
पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचं.
दगू सरकायचा.
हे कुठल्या रकान्यात लिहितात, मॅडम?

आता तिसऱ्यांदा.
वैजयंता येवल्याला, भावाच्या मागावर पैठणी विणते.
फोनवर ओरडत नाही आता.
ओरडायची तेव्हा बरं होतं.
"जेवलात का?" विचारते,
आणि उत्तर यायच्या आत ठेवून देते.

म्हणजे कुणीच पाठवलं नाही या वेळी.
सकाळी नळाखाली पेला धरला,
पाणी निम्मं पेल्यात, निम्मं मनगटावर.
प्यायला गेलो तर पेला दातांवर वाजायला लागला.
शेजारचा पियू दारात उभा, पाच वर्षांचा.
आला, आणि दोन्ही हातांनी खालून पेला धरला,
तान्ह्याला पाजताना धरतात तसा.
मी प्यालो.
मग त्याला खाली कुणीतरी हाक मारली,
पेला माझ्याकडे सोडून गेला.

मी निघालो. खरं सांगायचं तर दगूकडेच.
पाथर्डी फाट्यावर सिटीलिंकची बस आधी आली.
बस रिकामी होती, खिडकीची जागा होती.
त्र्यंबक रोडपर्यंत मी एकदाही उठलो नाही.
याला इच्छा म्हणतात का?
मला वाटायचं, इच्छा म्हणजे
ढोल वाजल्यासारखं काहीतरी असेल छातीत.
इथं तर नुसती एक बस,
आणि उतरायचा आळस.

"सातवा कोरा सोडू का?"
मॅडमनी ड्रॉवर उघडला, पेन्सिल काढली.
"हिनं लिहा. पंधरा दिवसांनी परत विचारणार आहे मी.
उत्तर बदललं तरी चालतं."
पेन्सिल कशालाच बांधलेली नव्हती.

'इतर'वर खूण करायला गेलो.
हात हलला.
रेघ 'स्वतःच्या'ला घासून बाहेर गेली, समासात.
मॅडमनी खोडरबर दिला नाही.
फॉर्म उलटला फक्त.

मागं एकच प्रश्न होता:
भाकरी की पोळी?

भाकरी, मी लिहिलं.
लगेच.